आवडते म्हणून

वामनराव घरी निघायच्या आधी हात धुवायला बसले की लवकर उठत नसत. इर्शादभाईंच्या दुकानामागे एक मोरी आहे. तिच्या कट्ट्यावर ते आपलं लिंबू ठेवायचे. अर्धं लिंबू बोटांवर, नखांत, पार मनगटापर्यंत घासायचं, मग साबण, मग पुन्हा लिंबू. शेवटी दोन्ही हात नाकाशी नेऊन लांब श्वास घ्यायचा आणि आमच्यापैकी जो जवळ असेल त्याच्यापुढे धरायचे.

"मॅडम, पाहा बरं. वास येते काय?"

"नाही येत."

"नक्की? माह्या मायचं नाक लई तिखट हाय."

साठी उलटलेला माणूस. पाटबंधारे खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झालेला, पुण्याला नोकरी करणारा मुलगा असलेला. आणि तो आईला चोरून चामड्याचं काम करत होता. घरी सांगून यायचा, की वाचनालयात जातो. बायकोला, सुलोचनाबाईंना, सगळं ठाऊक होतं. त्या सासूसमोर "आज कोणतं पुस्तक आणता?" असं विचारायच्या आणि पदराआड हसायच्या, हेही वामनरावच आम्हांला सांगायचे.

आम्ही म्हणजे चंद्रपुरातले काही हौशी लोक. रविवारी दुपारी इर्शादभाईंच्या फ्रेमच्या दुकानात, मागच्या खोलीत जमतो. इर्शादभाई फोटोंना, देवांच्या तसबिरींना चौकटी करतात. आपल्या मोटारसायकलला अडकवायच्या पिशव्या त्यांनी एकदा स्वतःच्या हाताने शिवल्या आणि तेव्हापासून त्यांना हा नाद लागला. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. मला चामड्यापेक्षा त्याच्या रंगाचं वेड जास्त. बाकीचे येत-जात असतात. कोणी कानपूरहून म्हशीच्या चामड्याचा गठ्ठा मागवला की तो वाटून घ्यायचा. कोणाकडे भोकं पाडायची चांगली आरी आली की ती सगळ्यांनी वापरायची. मोबाइलवर कोणा परदेशी माणसाला पाहून एखादी युक्ती शिकली की पुढच्या रविवारी ती दुसऱ्याला दाखवायची. विकायचं काही नसतं. कोणाच्या वाढदिवसाला पाकीट, कोणाच्या चष्म्याला घर, एवढाच आमचा पसारा.

वामनराव पहिल्यांदा आले ते ऐन उन्हाळ्यात. बाहेर असं ऊन, की कुत्रीसुद्धा नालीत जाऊन पडलेली. आणि हे इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, अशा थाटात दारात उभे. इर्शादभाईंना वाटलं, कोणी तपासणीला आलं.

"मले शिकाचं हाय," ते म्हणाले. "मले काईच येत नाई. आधीच सांगून ठेवतो."

ही नम्रता नव्हती, हे लवकरच कळलं. त्यांना खरंच काही येत नव्हतं. रापी, म्हणजे चामडं कापायची ती रुंद पात्याची सुरी, त्यांनी भाजी चिरायला घेतात तशी धरली आणि पहिल्याच दिवशी अंगठा कापून घेतला. चावी ठेवायची पहिली पिशवी त्यांनी केली ती एका बाजूला झुकलेली. तिच्यात चावी घातली की बाहेर यायला तयार नसे. दोन सुयांची शिवण शिकायला त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी एकेक सुई जायची. एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात, म्हणून ही शिवण मजबूत. वामनरावांच्या हातून कधी दोन्ही सुया एकाच बाजूला यायच्या आणि ते त्यांच्याकडे असे पाहत बसायचे, जणू सुयांनीच काही लबाडी केली.

शिवण रेघ सोडून वाकडी गेली की ते जाहीर करायचे, "पाट फुटला!" मग शांतपणे टाके उसवायला घ्यायचे. हा शब्द आमच्यात असा रुजला, की आता कोणाचंही काही बिघडलं की खोलीभर तेच ऐकू येतं. नोकरीची सारी वर्षं त्यांनी तलावांच्या पाळी, सांडवे आणि पाट पाहण्यात घालवली होती. मूल, सिंदेवाही, पोंभुर्णा, चिमूर, जिथे बदली होईल तिथला मामा तलाव, म्हणजे जुना माजी मालगुजारी तलाव, त्यांचा सोयरा व्हायचा. त्या तलावांवर मासेमारी करणाऱ्या घरांशी त्यांचा अजून संबंध होता. थंडीत कोणी ना कोणी शिंगाडे पाठवायचं आणि ते उकडून, डब्यात भरून, आमच्यासाठी यायचे. काम करता करता शिंगाडा सोलायचा नाही, असा मात्र त्यांचा सक्त नियम. चामड्यावर डाग पडतो.

एका गोष्टीत त्यांचा हात सुरुवातीपासून बरोबर होता, ती म्हणजे पाणी. चामड्यावर ठसा उमटवायचा किंवा ते वाकवायचं तर आधी भिजवावं लागतं, आणि भिजवल्यावर थांबावं लागतं. आम्ही सगळे उतावळे. ओल्यावरच ठोकायला बसायचो आणि ठसा पसरायचा. वामनराव भिजवलेला तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे आणि हातावर हात घेऊन बसायचे.

"मुरू द्या. वरचं वाळलं पाहिजे, आतलं ओलं राह्यलं पाहिजे. रंग परत आला का मंग हात लावा."

"किती वेळ?"

"ते त्यालेच पुसा."

माझ्याच नादाने आम्ही एकदा हिरड्यात कातडं कमावायचा घाट घातला. कातडं टिकवणारं टॅनिन हिरड्यात भरपूर, हे मी वर्गात शिकवते. म्हटलं, करूनही पाहू. वामनराव म्हणाले, पोंभुर्ण्याकडे माझ्या ओळखीचं एक गाव आहे. जंगलातलं गोंडांचं गाव. इर्शादभाईंच्या गाडीतून आम्ही गेलो. एका घरापुढे बाईने हिरडे वाळत घातलेले होते. वामनरावांनी तिला ओळखलं, तिच्या नवऱ्याची चौकशी केली, तलावाची केली, आणि मग पोतंभर हिरडे मागितले. बाईने आमच्याकडे एकेक करून नीट पाहिलं.

"इतके हिरडे कायले, भाऊ? साऱ्या चंद्रपूरचं पोट बिघडलं काय?"

वामनराव इतके हसले, की त्यांना तिथेच मातीच्या ओट्यावर बसावं लागलं. येताना गाडीत थोड्या थोड्या वेळाने त्यांना ते आठवायचं आणि पुन्हा हसू फुटायचं.

बाकी त्या प्रयोगाचा काही उपयोग झाला नाही. बकरीचं कातडं चुन्यात टाकलं, केस काढले, हिरड्याच्या पाण्यात बुडवलं. पण कुठेतरी माझं चुकलं आणि मे महिन्याच्या उन्हात दुकानामागचं अंगण असं घाणायला लागलं, की शेजारचा मिठाईवाला भांडायला आला. जे हाती लागलं ते पापडासारखं कडक. इर्शादभाई ते वाजवून म्हणाले, "मॅडम, इसकी तो ढोलकी भी नही बनेगी." वामनरावांनी त्या दिवशी घरी जाताना दोन लिंबं वापरली आणि तरी त्यांचं समाधान झालं नाही. शेवटी इर्शादभाईंचा शर्ट घालून घरी गेले.

हे लपवणं कशासाठी, ते आम्हांला तोवर नीट ठाऊक नव्हतं. म्हातारी सोवळ्याओवळ्याची असेल, असं मी आपलं मनाशी ठरवून टाकलं होतं. कळलं ते एका नव्या माणसामुळे. बँकेत बदलून आलेला तरुण गृहस्थ होता, स्वभावाने वाईट नव्हता. त्याने स्वतः केलेला पट्टा सगळ्यांना दाखवला आणि उत्साहाच्या भरात म्हणाला, "ते लोक पिढ्यानपिढ्या हेच करतात, पण हे फिनिशिंग त्यांना नाही जमणार. आपण डोकं वापरतो ना!"

वामनराव तेव्हा पाकिटाची कड लाकडाच्या तुकड्याने घासत होते. कडेला पाणी आणि मेण लावून घासत राहिलं की ती काचेसारखी चमकते. त्यांनी घासणं थांबवलं नाही.

"ते लोक म्हणजे आमी," ते म्हणाले. "मी चांभार हाय जातीनं. आमचा बाप मूल गावच्या बजारात कडुलिंबाखाली बसत होता."

तो गृहस्थ लाल झाला. माफी मागायला लागला. वामनरावांनी त्याला हाताने खाली बसवलं. "बसा हो. तुमचं फिनिशिंग खरंच चांगलं हाय. मले अजून असं नाई जमत."

मग ते आपणहून बोलले. चहा आला होता, तो त्यांच्यापुढे तसाच निवत राहिला. त्यांच्या बापाने त्यांना रापीला कधी हात लावू दिला नव्हता. लहानपणी एकदा भोवऱ्याची दोरी कापायला त्यांनी ती उचलली, तर बापाने हातातल्या चपलेने मारलं. तेवढं एकदाच. आणि मारून झाल्यावर तो स्वतःच भिंतीकडे तोंड करून बसला. "हे हात यासाठी नाईत, असं म्हणत होता. दुसरं काई बोलला नाई." बाप गेला तेव्हा वामनराव इंजिनिअरिंगच्या डिप्लोम्याला होते. त्यांना नोकरी लागल्याचं पत्र आलं त्याच आठवड्यात आईने नवऱ्याची सगळी हत्यारं, ऐरणीसकट, भांडी विकणारीला देऊन टाकली आणि बदल्यात एक मोठी स्टीलची परात घेतली. घरात कणीक अजून तिच्यातच मळली जाते.

"मग तुम्ही इथे कसे आलात?" मी विचारलं.

"निवृत्त झाल्यावर एक दिवस पिशवीचा बंद तुटला. शहराच्या गेटापाशी एक म्हातारा बसते, त्याच्याकडे शिवाले नेली. त्यानं चामडं ओलं केलं अन् मले वास आला. बंद शिवून झाला तरी मी उठलोच नाई, मॅडम. तो म्हणे, साहेब, झालं तुमचं काम. मले सांगता येईना त्याले, का मी काऊन बसलो."

त्यांच्या मुलाला या सगळ्याचं काहीच वाटत नसे. त्याने बापाकडून लॅपटॉपची पिशवी करून घेतली होती आणि पुण्यात ऑफिसात सगळ्यांना दाखवत फिरला होता. अडचण होती ती आईची. भागीरथाबाई तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या. डोळ्यांनी अधू, पण कान आणि नाक शाबूत.

बिंग फुटलं ते मात्र वासामुळे नाही. वाचनालयाचं छप्पर दुरुस्तीला काढलं आणि ते महिनाभर बंद होतं. हे वामनराव सोडून साऱ्या गल्लीला माहीत होतं. शेजारणीने सहज बोलताना भागीरथाबाईंना सांगितलं. त्यांनी मुलाला काही विचारलं नाही. रविवारी तो बाहेर पडला, त्यानंतर थोड्या वेळाने त्यांनी गल्लीतल्या ऑटोवाल्याला हाक मारली. वामनरावांना दर रविवारी कुठे सोडायचं, ते त्याला पाठ होतं.

आम्ही कामात होतो. बाहेर काठीचा आवाज आला आणि पडदा सरकवून एक लहानशी, काळीसावळी, नऊवारीतली म्हातारी आत आली. अनवाणी.

"वामन्या कुठी हाय?"

वामनराव खिडकीजवळ होते. दोन्ही गुडघ्यांत लाकडी चिमटा, त्यात पिशवीचा पट्टा धरलेला, दोन्ही हातांत दोन सुया आणि दोरा ताणलेला. त्या अवस्थेत माणसाला उठताही येत नाही. ते तसेच राहिले.

भागीरथाबाई खिडकीच्या उजेडाच्या अंदाजाने त्यांच्यापाशी गेल्या, वाकून त्यांच्या हातांकडे पाहिलं.

"वाचून राह्यला काय?"

"माय, तू कशी आली?"

"ऑटोनं आली. वाचनालयाचं छप्पर काढून ठेवलं हाय म्हने. मंग माहं पोरगं दर इतवारी कुठी बसून राह्यते, म्हटलं, पाहून याव."

इर्शादभाईंनी खुर्ची पुढे केली. "आजी, बसा. पाणी लाऊं?"

"पाणी प्याले नाई आली, बापा." तरी त्या बसल्या. टेबलावरून हात फिरवत गेल्या. आरी, हातोडी, मेणाचा गोळा. रापीशी हात थांबला. ती त्यांनी उचलली, आणि ती बरोबर कशी धरतात ते मला तेव्हा दिसलं. लगेच त्यांनी ती खाली ठेवली.

"तुह्या बापानं तुह्या हातातून हे सोडवाले जलम घालवला. लोकाईच्या पायापाशी बसला बजारात. तुले नाई बसू दिलं."

"मी पोटासाठी नाई करून राह्यलो, माय."

"मंग कायले?"

वामनरावांनी ताणलेला दोरा सैल सोडला. मग म्हणाले, "आवडते म्हणून."

"आवडते." त्यांनी तो शब्द तोंडात घोळवल्यासारखा म्हटला. "तुह्या बापाले कोणी पुसलं होतं काय, का बाबा, तुले आवडते काय म्हणून?"

 त्यांनी मान माझ्याकडे वळवली. बाईमाणूस आहे एवढं त्यांना कळलं असावं.

"तू कोण, बाई?"

"मी कॉलेजात शिकवते, आजी."

"तुह्या घरी चालते हे?"

"चालतं."

"चालनच," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तुमी केलं त लोक हौस म्हणतीन. आमी केलं त काय म्हणतीन, ते मले माहीत हाय."

त्या उठल्या. वामनरावांनी चिमटा बाजूला टाकला, धरायला पुढे झाले. भागीरथाबाईंनी त्यांचा हात घेतला नाही. काठी टेकत ऑटोपर्यंत एकट्या गेल्या. वामनराव मागोमाग गेले ते त्या दिवशी परत आले नाहीत. हातही न धुता गेले.

पुढचे कितीतरी रविवार ते आले नाहीत. अर्धवट शिवलेला पट्टा त्या चिमट्यात तसाच होता. इर्शादभाईंनी कोणाला काढू दिला नाही. फोन केला तर वामनराव म्हणायचे, "पाहू." माय वाढते, पण बोलत नाही, एवढंच कळलं.

ते परत आले तेव्हा पावसाची सुरुवात, धानाची रोपं म्हणजे पऱ्हे टाकायचे दिवस होते. शर्ट झटकला, खिडकीजवळ बसले, चिमटा गुडघ्यांत घेतला आणि जिथे थांबले होते तिथून पुढचा टाका घातला. तो घट्ट ओढल्यावरच बोलले.

"माय बोलली काल."

"काय म्हणाल्या?"

"म्हणे, कर. पण घरात आणाचं नाई. अन् कोणाच्या पायातलं कराचं नाई. पिशवी कर, पट्टा कर. पायातलं नाई."

ही अट त्यांनी अशी पाळली, की आम्हांला कधी कधी हसू यायचं. इर्शादभाई स्वतःसाठी सँडल करत होते. तळ चिकटवताना कोणीतरी नुसता दाबून धरायचा होता. वामनराव समोरच बसलेले. "वामनभाऊ, एक हाथ दो," म्हटल्यावर ते उठले आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. "शब्द देल्ला हाय मायले," म्हणाले. चपलांबद्दल आमच्यात बोलणं निघालं तरी ते ऐकत, पण बोलत नसत.

अशी दोन-तीन वर्षं गेली असतील. त्यांचा हात सुधारला. फार नव्हे, पण त्यांची पिशवी आता सरळ उभी राहायची. लिंबू मात्र सुटलं नाही. आता चोरी राहिली नव्हती, तरी वास घरात न्यायचा नाही म्हणून ते घासत.

मग एका थंडीत ते शिंगाड्याचा डबा न आणता आले. भागीरथाबाईंना साखरेचा आजार होता, पायांना सूज यायची. आता अंगठ्याशेजारच्या बोटाला जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. डॉक्टरांनी अनवाणी चालायला बंदी केली. मऊ, रुंद, आतून कुठे शिवण न टोचणारी चप्पल घाला, नाही तर बोट काढावं लागेल, असं स्पष्ट सांगितलं. चंद्रपूरची सारी दुकानं पालथी घालून झाली. जन्मभर अनवाणी, धानाच्या रोवणीच्या चिखलात उभे राहिलेले ते पाय पंख्यासारखे पसरलेले. एकही जोड त्यांच्यात बसेना. जो बसला त्याने पाय रात्रभर ठणकला.

"तुम्हीच करा," आम्ही एका सुरात म्हणालो.

"शब्द देल्ला हाय."

"त्यांनाच विचारा मग."

ते बराच वेळ लाकडाचा तुकडा हातात फिरवत राहिले. जाताना मला म्हणाले, "मॅडम, उद्या सकाळी येता काय घरी? तुमच्यासमोर माय कमी शिव्या देईन."

मी गेले. अंगणात कोवळं ऊन होतं. भागीरथाबाई बाजेवर बसल्या होत्या, पाय खाली सोडलेले, बोटाला पट्टी. वामनराव त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. शेजारी वर्तमानपत्र, पेन्सिल. ते काही बोलायच्या आतच म्हातारी म्हणाली, "कागदाचा आवाज येऊन राह्यला. काय कराचा हाय?"

"माय, तुह्या पायाचं माप घेऊ काय?"

त्यांनी पाय जरा आत ओढून घेतले. सुलोचनाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, हातातलं फडकं तसंच.

"तुह्या बापानं साऱ्या मूलले जोडे केले," शेवटी भागीरथाबाई म्हणाल्या. "मले एकदाच केला. लाल होता. तू झाला नव्हता तवा."

वामनरावांनी मान वर केली. हे त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"मंग?"

"मंग काय? घालून दारापावतर गेली. पाटलाच्या वाड्यावरून रोवण्याले जा लागे. जोडा घालून त्याईच्यापुढून गेली असती त कामावर कोण घेतलं असतं मले? दारातूनच परत आली. त्यानं इकून टाकला तो. दोघंई काई नाई बोललो."

अंगणात कोंबडी कागदावर चढली. वामनरावांनी ती हाकलली नाही. मीच उठून हाकलली.

भागीरथाबाईंनी काठी घेतली, बाजेवरून उठल्या आणि वर्तमानपत्रावर उभ्या राहिल्या.

"घे माप."

वामनराव पुढे सरकले. पेन्सिल अगदी उभी धरून त्यांनी टाचेपासून रेघ काढायला सुरुवात केली. जखमेच्या बोटापाशी थांबले, श्वास रोखला, दुरून वळसा घातला. आयुष्यभर तलावांच्या पाळी मोजलेला माणूस, पण एवढं सावकाश त्यांनी काही मोजलं असेल असं मला वाटत नाही. पेन्सिल तळव्याच्या आतल्या वळणावर गेली तेव्हा म्हातारीचा पाय एकदम आखडला.

"गुदगुल्या होते रे, वामन्या!"

आणि त्या हसल्या. बिनदाताचं, मोठ्यानं. सुलोचनाबाई तोंडाला पदर लावून आत पळाल्या.

तो जोड आमच्या खोलीतल्या साऱ्यांनी मिळून केला, असं म्हटलं तरी चालेल. दवाखान्यात वापरतात तसा मऊ रबराचा तक्ता इर्शादभाईंनी नागपूरहून आणला. आतलं अस्तर बकरीच्या चामड्याचं. मला वाटत होतं ते लाल रंगवावं. पण जखमेला रंग लागणं बरं नव्हे, म्हणून माझा मीच बेत रद्द केला. तेव्हा वामनराव म्हणाले, बाहेरून दोरा लाल घेऊ. पहिला जोड टाचेला घट्ट झाला. दुसऱ्याचा पट्टा सूज वाढली की रुतायचा. ते उसवायचे, भिजवायचे, मुरू द्यायचे, पुन्हा शिवायचे. एकदाही "पाट फुटला" म्हणाले नाहीत. शेवटी जो झाला तो दिसायला काही सुंदर नव्हता. रुंद, बसका, होडीसारखा. पण म्हातारीने तो घातला आणि काढा म्हणाली नाही. थंडी सरता सरता जखमेवर खपली धरली. बोट राहिलं.

पुढच्या वर्षी वामनराव गेले. सकाळी उठलेच नाहीत. भागीरथाबाई आहेत अजून. तळ झिजला की सुलोचनाबाई तो जोड आमच्याकडे पाठवतात आणि आम्ही नवा तळ लावून देतो.

त्या दोघांना एकत्र मी शेवटचं पाहिलं ते जखमेच्या थंडीनंतरच्या उन्हाळ्यात, संध्याकाळी. परीक्षेचे पेपर तपासून रिक्षाने परत येत होते. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी गायी आडव्या आल्या, म्हणून रिक्षा थांबली. समोरून मायलेक येत होते. पुढे भागीरथाबाई, काठी टेकत. मागे वामनराव, हातात भाजीची पिशवी, कमरेत वाकलेले, नजर आईच्या टाचांवर. पाऊल कसं पडतं, कड कुठे दबते, पट्टा सरकतो का, तेवढंच पाहत ते चालत होते.

ओट्यावर बसलेल्या एका बाईने हाक मारली, "आजी, नवा जोडा? कोणत्या दुकानातला?"

भागीरथाबाई थांबल्या. मागून वामनरावही थांबले. त्यांनी पटकन मान वळवली आणि शेजारच्या नालीकडे असं पाहायला लागले, जणू ती त्यांच्याच खात्याची होती.

"दुकानातला नाई," म्हातारी म्हणाली. चांगली मोठ्यानं. "पोरानं केला."

"कोणत्या पोरानं? इंजिनेर पोरानं?"

"मंग? मले दुसरा पोरगा हाय कुठी?"

आणि त्या चालायला लागल्या. वामनराव मात्र थोडे मागे राहिले. नालीकडे पाहतच त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, बाहीने तोंड पुसलं आणि मग लांब ढांगा टाकत आईला गाठायला निघाले.